करटोली फुकट नाहीत

पावसाळ्यात मानखुर्द स्टेशनाबाहेर पनवेल-कर्जतकडच्या कातकरी, ठाकर बाया करटोल्यांचे वाटे मांडून बसतात. मुलाकडे आलो की तिथून जाताना एक वाक्य हमखास कानावर पडतं. "मावशी, रानात फुकट तर उगवतं, एवढे पैसे कशाचे?" डोकंच फिरतं.

फुकट? करटोलीचा वेल उन्हाळ्यात वाळून जातो, जिवंत राहतो तो जमिनीतला कंद. पहिल्या पावसाला तो कोंब काढतो आणि कुंपणावर, करवंदीच्या जाळीवर चढतो. यात नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. नराला नुसती फुलं येतात, म्हणून त्याला वांझ समजून उपटणारे शहाणे आमच्या गावातही आहेत. नर गेला की आसपासच्या मादी वेलांची फुलं न धरता गळतात. लागवड करणारे तर हातानं नराचं फूल मादीच्या फुलाला लावत फिरतात. बाईला एक वाटा भरायला किती काट्यांत हात घालावा लागतो, ते कधी विचारा.

शहराला बोललो, आता आपल्या माणसांना बोलतो. बांधावर ग्लायफोसेट कशाला मारता? विळ्यानं कापलेला वेल कंदातून परत फुटतो. हे औषध पानातून थेट कंदात उतरतं. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश काढला की ते फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांनीच वापरायचं. गावात पंप ज्याच्या त्याच्या पाठीवर आहेच. मजूर मिळत नाही, बेणणी परवडत नाही, हे मला कोणी सांगू नये. मीही भातच लावतो. पण बांध म्हणजे शेत नव्हे. तिथलं गवत कापा, गुरं खातील. आणि कृषी खातं ९ ऑगस्टच्या सुमारास रानभाज्यांचे महोत्सव भरवतं, भरवू दे. मांडवात करटोल्याचे गुण सांगणारी पाटी असते. बांधावर काय मारू नये, ही पाटी मला अजून दिसलेली नाही.

भाजीचं म्हणाल तर सोपं आहे. काटे सुरीनं खरवडायचे, गोल चकत्या करायच्या, निबर बी तेवढं काढायचं. कांदा, हिरवी मिरची, भिजवलेली चणाडाळ घालून वाफेवर शिजवायची, पाणी घालायचं नाही. वरून ओलं खोबरं. मानखुर्दच्या आमच्या कोळी शेजारणी त्यात सुका जवळा टाकतात. श्रावण पाळणाऱ्यांनी आषाढातच उरकून घ्यावं. करटोलं कारल्याच्या भावकीतलं, पण कडू नाही. त्यात गूळ ओतणाऱ्यांनी खुशाल कारलंच करावं.

माझ्या कुंपणावर पाच-सहा फळं मी तोडत नाही. ती पिवळी होऊन फुटतात, आत लालभडक निघतात. पाखरं खातात आणि बी कुठल्या कुठे नेतात. यंदा शेजाऱ्याच्या बांधावर दोन नवे कोंब निघालेत. त्यानं अजून पंप बाहेर काढलेला नाही.