साठीनंतरचा प्रकाशझोत

दिनांक १० नोव्हेंबर १९३१. लॉस एंजेलिसच्या बिल्टमोर हॉटेलात ऑस्कर पुरस्कारांचा समारंभ चालू होता. उत्कृष्ट अभिनेत्रीच्या मानासाठी मार्लेन डीट्रिचसारखी लावण्यवती स्पर्धेत होती. परंतु नाव पुकारले गेले ते एका स्थूल, रूपाने सामान्य अशा स्त्रीचे. आदल्याच दिवशी तिने वयाची त्रेसष्ट वर्षे पूर्ण केली होती. तिचे नाव मारी ड्रेस्लर.

कॅनडातील कोबर्ग येथे १८६८ साली जन्मलेल्या मारीने किशोरवयातच घर सोडले आणि फिरत्या नाटकमंडळीत प्रवेश केला. पुढे व्हॉडव्हिलच्या रंगमंचाने तिला घडविले. व्हॉडव्हिल म्हणजे एकाच तिकिटात गाणी, नकला, जादू आणि कसरती दाखविणारा विविधरंगी खेळ. प्रत्येक कलावंताच्या वाट्याला जेमतेम पंधरा-वीस मिनिटे येत. तेवढ्या वेळात अनोळखी प्रेक्षकांना आपलेसे करावयाचे! आपल्या देहयष्टीला लोक हसणारच, हे मारीने ओळखले आणि त्या हसण्याची सूत्रे स्वतःच्या हाती घेतली. पुढे लिहिलेल्या आत्मचरित्राच्या नावातही तिने स्वतःला ‘कुरूप बदक’ म्हणवून घेतले.

१९१४ साली एका लांबलचक विनोदी मूकपटात ती नायिका झाली. त्यात तिच्यासोबत होता चित्रसृष्टीत नवखा असलेला चार्ली चॅप्लिन. कीर्ती आणि पैसा दोन्ही हाती होते. अशा वेळी, ऑगस्ट १९१९ मध्ये, न्यूयॉर्कच्या नटनट्यांनी संप पुकारला. सर्वांत हलाखी होती ती समूहात नाचणाऱ्या-गाणाऱ्या मुलींची. तालमींचे आठवडेच्या आठवडे त्यांना वेतन मिळत नसे. पायातले बूट-मोजेदेखील पदरमोड करून घ्यावे लागत. मारी स्वतः कधीकाळी त्याच रांगेत उभी राहिली होती. ती या मुलींच्या संघटनेची पहिली अध्यक्ष झाली. महिन्याभरात संप यशस्वी झाला. पण निर्मात्यांची दारे मारीसाठी हळूहळू बंद होत गेली. पन्नाशी ओलांडलेल्या या कलावतीला काम मिळेना. पॅरिसला जाऊन लहानसे हॉटेल चालवावे, असा विचारही तिच्या मनात येऊन गेला.

तिला परत आणले ते फ्रान्सिस मॅरियन या पटकथालेखिकेने. तरुणपणी वृत्तपत्रात काम करीत असताना मारीने दाखविलेला चांगुलपणा मॅरियन विसरली नव्हती. तिने १९२७ साली खास मारीसाठी एक चित्रपट लिहिला. दुर्दैवाने आयरिश समाजाच्या निषेधामुळे तो मागे घ्यावा लागला. तरीही मॅरियनने धीर सोडला नाही. तोवर बोलपट अवतरला होता. मूकपटांतील अनेक देखण्या चेहऱ्यांना आवाजाने दगा दिला. मारीचा आवाज मात्र चार दशके रंगमंचावर कसलेला होता. १९३० च्या ‘ॲना ख्रिस्ती’मध्ये ग्रेटा गार्बो प्रथमच पडद्यावर बोलली, पण प्रेक्षकांच्या मनात गोदीवरची म्हातारी मार्थीही ठसली. ती होती मारी.

त्याच वर्षीच्या ‘मिन अँड बिल’ने तिला ऑस्कर मिळवून दिले. त्यात बंदरावर खानावळ चालविणारी मिन एका टाकून दिलेल्या मुलीला वाढविते. त्या मुलीच्या सुखासाठी तिच्या हातून खून घडतो. अखेरच्या दृश्यात लग्न होऊन निघालेल्या लेकीला ती गर्दीतून पाहते. पोलीस तिला घेऊन जात असतात आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान असते. आयुष्यभर लोकांना हसविणाऱ्या त्या चेहऱ्याने त्या दिवशी चित्रपटगृहे रडविली.

१९३२ आणि १९३३ अशी लागोपाठ दोन वर्षे अमेरिकेतील चित्रगृहमालकांनी सर्वाधिक गल्ला जमविणारी कलावती म्हणून तिचीच निवड केली. मंदीने होरपळलेल्या प्रेक्षकांना तिच्यात आपल्या घरातली मावशी किंवा आजी दिसली असावी. या काळात कर्करोगाने तिला ग्रासले होते. तरीही ती काम करीत राहिली. २८ जुलै १९३४ रोजी तिचे निधन झाले. मृत्युपत्रात तिने दीर्घकाळ सेवा करणाऱ्या कृष्णवर्णीय दांपत्यासाठी मोठी रक्कम ठेवली होती.

वाचकहो, मारीला उतारवयात मिळालेल्या यशाला आपण सहज नशीब म्हणून मोकळे होतो. पण तरुण वार्ताहर मुलीवर केलेला उपकार पंधरा-सोळा वर्षांनी तिच्याच दाराशी परतला, आणि संपात गमावलेली वर्षे तिच्या चेहऱ्यावर जी रेषा उमटवून गेली, तीच पुढे मार्थीच्या आणि मिनच्या चेहऱ्यावर प्रेक्षकांना खरी वाटली. ती वर्षे वाया गेली, असे कसे म्हणावे?