सही बाईची, हिशेब कुणाचा?

बाईच्या नावावर घर हवे, ही मागणी आपल्या चळवळीने वर्षानुवर्षे केली. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळू लागली आणि तिचे नाव दस्तावर चढवायला घरचेच पुढे आले. (मोर्चांनी जे हलले नाही ते एका टक्क्याने हलले!)

पण दस्तापाठोपाठ कर्जाच्या करारावरही तिची सही होते. सल्ला केंद्रात आलेल्या बाईला विचारावे, कर्ज किती, व्याज किती? उत्तर ठरलेले: "ते सगळं हेच बघतात." पुढे ह्यांनी टाकले की हप्ता मात्र तिच्याकडे मागितला जातो. सहकर्जदाराची जबाबदारी अर्धी नसते, पुरती असते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने नवऱ्याला तिला राहत्या घरातून मनमानीने काढता येत नाही. पण हप्ते थकले तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावता, त्याच घराचा ताबा घेऊ शकते.

आणि थकबाकीचा तो आकडा तरी बरोबर असतो का? 'बँकेचा हिशेब चुकत नाही' हा समज आपल्यातही पक्का आहे. रिझर्व्ह बँकेचे २९ एप्रिल २०२४ चे परिपत्रक मुळातून वाचावे. तपासणीत आढळले ते असे: पैसे हाती पडण्याआधीच मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून व्याज सुरू. धनादेश देणार कितीतरी दिवसांनी, व्याज मात्र त्यावरच्या तारखेपासून. कर्ज महिन्याच्या मध्यावर दिले किंवा फिटले तरी व्याज अख्ख्या महिन्याचे. हप्ते आगाऊ घेतलेले, तरी व्याज पूर्ण रकमेवर. जिथे असे आढळले तिथे जादा घेतलेले पैसे परत करायला रिझर्व्ह बँकेने सांगितले. ह्याला सोज्वळ भाषेत 'अनुचित प्रथा' म्हणतात. बचतगटातल्या बाईने असा हिशेब लिहिला असता तर काय म्हटले असते?

बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडल्याबद्दल बँकांनी दंड घेऊ नये, हे २०१२ सालीच ठरले आहे. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत घराची मूळ कागदपत्रे परत द्यायची, बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे.

सहकर्जदार म्हणून करार, खातेउतारा आणि व्याजाचा तपशील मागायचा तिला हक्क आहे. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, वकील लागत नाही. नुकसानाच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणाऱ्या कराराला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा 'अनुचित करार' म्हणतो, तीही वाट आहे.

एक गोष्ट मात्र अर्जातच स्पष्ट लिहून घ्यावी. परतावा कुठे जमा होणार? सुरुवातीची रक्कम तिच्या पाटल्या मोडून भरलेली आणि परत आलेले पैसे सोडून गेलेल्या नवऱ्याच्या खात्यात, हे चालणार नाही. रक्कम कर्जाच्या मुद्दलातून वळती करावी किंवा तिच्या खात्यात द्यावी, अशी मागणी करावी. आपापल्या केंद्रांत अशी प्रकरणे आली असतील तर बँकेच्या उत्तरासह आम्हाला जरूर कळवा.