आघाडीची बेरीज आणि आघाडीचा करार

लोकसभेत कोणत्याही एका पक्षाला बहुमत मिळाले नाही की दिल्लीत दोन वाटाघाटी सुरू होतात. एक खातेवाटपाची, तिची बित्तंबातमी वृत्तपत्रे रोज पुरवितात. दुसरी कार्यक्रमाची, ती अनेकदा होतच नाही, आणि झाली तरी तिची फारशी दखल घेतली जात नाही. वस्तुतः कष्टकऱ्याच्या पदरात काय पडणार, हे या दुसऱ्या वाटाघाटीतच ठरत असते. 2004 आणि 2024 या दोन निवडणुका शेजारी ठेवून पाहिल्या तर याची खात्री पटते.

2004 साली काँग्रेसला 145 आणि भारतीय जनता पक्षाला 138 जागा मिळाल्या. 59 जागांचे डावे पक्ष मंत्रिमंडळाबाहेर राहिले. त्यांनी बाहेरून पाठिंबा दिला. मे महिन्याच्या अखेरीस किमान समान कार्यक्रम प्रसिद्ध झाला आणि डाव्यांशी विचारविनिमय करण्यासाठी समन्वय समिती नेमण्यात आली. गरीब कुटुंबातील निदान एका व्यक्तीला वर्षाकाठी किमान 100 दिवस किमान वेतनाने काम देण्याचे वचन त्या कार्यक्रमात होते. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नव्हती. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेली रोजगार हमी योजना 1972 च्या दुष्काळात राज्यभर कसाला लागली होती आणि 1977 साली तिला कायद्याचे रूप मिळाले होते.

तथापि वचन छापले म्हणून ते आपोआप पाळले जात नाही. डिसेंबर 2004 मध्ये संसदेत आलेल्या विधेयकाने हा हक्क दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांपुरता आखडून टाकला. त्यावर जनसंघटनांनी देशभर रोजगार हक्क यात्रा काढली, संसदेत डाव्यांनी रेटा लावला, आणि ऑगस्ट 2005 मध्ये संमत झालेल्या कायद्याने ग्रामीण भागातील प्रत्येक कुटुंबाला हा हक्क दिला. माहितीचा अधिकार 2005 साली आणि वनहक्क कायदा 2006 साली आला तो याच काळात. एकही मंत्रिपद न घेतलेल्या पक्षांना एवढा प्रभाव पाडता आला, कारण सरकारला जाब विचारायला त्यांच्या हाती लिखित आणि जाहीर दस्तऐवज होता.

या प्रयोगाची मर्यादाही झाकून ठेवू नये. कार्यक्रमात नसलेला मोठा प्रश्न उद्भवला तर काय करावयाचे, याची तरतूद त्या करारात नव्हती. अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून जुलै 2008 मध्ये डाव्यांनी पाठिंबा काढला. सरकारने 275 विरुद्ध 256 मतांनी विश्वासमत जिंकले. 2009 साली डावे 24 जागांवर आले. त्यांचा विरोध तत्त्वाचा होता, हे मान्य केले तरी कार्यक्रमाच्या अंमलबजावणीवर अंकुश ठेवण्याची जागा त्यांच्या हातून गेली, हेही खरे. समाजवाद्यांचा अनुभव याहून जुना आहे. 1977 साली त्यांनी आपला पक्षच जनता पक्षात विसर्जित केला. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीचे श्रेय त्या राजवटीला निर्विवादपणे द्यावे लागेल. परंतु दुहेरी निष्ठेचा प्रश्न आरंभी टाळला गेला होता, आणि 1979 च्या जुलैमध्ये सरकार कोसळले त्याच्या मुळाशी तोच प्रश्न होता. मने जुळल्याच्या घोषणेने मतभेद मिटत नाहीत; ते कसे हाताळावयाचे, हे आधी लिहून ठेवावे लागते.

आता 2024 कडे वळावे. भारतीय जनता पक्षाला 240 जागा मिळाल्या. बहुमताला 32 कमी. आघाडीची एकूण संख्या 293. त्यांत तेलुगू देशमचे 16 आणि संयुक्त जनता दलाचे 12. यांपैकी एक पक्ष बाहेर पडला तर सरकार तरते. दोन्ही पडले तर संख्या 265 वर येते आणि सरकार जाते. एवढे बळ हाती असताना सर्व घटक पक्षांना बांधील असा किमान समान कार्यक्रम मात्र जाहीर झाला नाही. बिहारची विशेष दर्जाची मागणी केंद्राने 22 जुलै 2024 रोजी संसदेत अमान्य केली. दुसऱ्याच दिवशीच्या अर्थसंकल्पात अमरावतीसाठी 15,000 कोटी आणि बिहारमधील रस्त्यांसाठी 26,000 कोटी रुपयांची घोषणा झाली. या रकमा लहान नाहीत. पण अर्थसंकल्पातील तरतूद ही सत्ताधाऱ्याची मर्जी असते. कायद्यातील हक्क हा नागरिकाचा असतो. मर्जी दरवर्षी नव्याने संपादन करावी लागते.

याचे प्रत्यंतर लवकरच आले. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने रोजगार हमीच्या जागी नवा कायदा आणला. दिवसांची संख्या 100 वरून 125 झाली. परंतु अकुशल मजुरीचा जो भार पूर्वी सर्वस्वी केंद्रावर होता, त्याच्या खर्चातील 40 टक्के वाटा बहुतेक राज्यांवर आला. बिहार आणि आंध्र प्रदेश यांची त्यातून सुटका नाही. ज्या राज्यांच्या खासदारांवर सरकार उभे आहे, त्यांच्याच तिजोरीवर हा बोजा पडला. दरिद्री राज्याला आपला वाटा उचलता आला नाही, तर कागदावरच्या 125 दिवसांचा मजुराला काय उपयोग?

यापुढे आघाडीची वेळ येईल तेव्हा कार्यकर्त्यांनी आपल्या नेत्यांकडे चार गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. शपथविधीपूर्वी लिखित कार्यक्रम जनतेपुढे यावा. त्यातील प्रत्येक कलमापुढे मुदत आणि पैशाची तरतूद नमूद असावी. दर सहा महिन्यांनी त्याचा जाहीर आढावा घेतला जावा. आणि अनपेक्षित मतभेद कोणत्या व्यासपीठावर, कोणत्या पद्धतीने सोडवावयाचे, हेही आधीच ठरावे. हे सारे झाले तरी 2004-05 चा धडा विसरता येणार नाही. विधेयकातील पळवाट बुजली ती रस्त्यावरची चळवळ आणि सभागृहातील संख्या यांनी एकाच वेळी जोर लावला म्हणून. सभागृहातील संख्या मतदार देतो; रस्त्यावरची चळवळ मात्र कार्यकर्त्यांनाच उभी करावी लागते, आणि तिची तयारी निकालाच्या दिवशी सुरू करून भागत नाही.