बर्फात मोटार नेताना

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच घरोघर नाताळच्या सुट्टीचे बेत सुरू होतात. पूर्वी महाबळेश्वर-माथेरानवर भागत असे. आता पुण्या-मुंबईची मंडळी स्वतःची मोटार हाकीत थेट मनाली गाठतात आणि २०२० साली अटल बोगदा खुला झाल्यापासून पलीकडे लाहुलच्या बर्फातही उतरतात. हौस चांगलीच, पण जिने जन्मात बर्फ पाहिले नाही, त्या मोटारीची तयारी नको का करायला?

पहिला मान रेडिएटरचा. त्यात नळाचे पाणी ओतायची आपली जुनी सवय. पाणी गोठले की सुमारे ९ टक्के फुगते आणि इंजिनाला तडा देते. निम्मे कूलंट नि निम्मे पाणी असले की कडक थंडीतही निर्धास्त राहावे. बॅटरी गारठ्यात दुबळी होते. म्हातारी झाली असेल तर घरीच बदलावी. डिझेलमधले मेण थिजून फिल्टर तुंबतो. डोंगरातल्या पंपावर हिवाळी डिझेल मिळत असेल तर तेच भरावे. टाकी कधीही निम्म्याखाली जाऊ देऊ नये. साखळ्या इंजिन ज्या चाकांना फिरवते त्यांनाच लावाव्यात, आणि एकदा घरच्या अंगणात लावून पाहाव्यात. रात्री हँडब्रेक ओढून ठेवला तर गोठून चिकटतो. त्यापेक्षा सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगडांची उटी द्यावी.

एवढे करूनही रस्ता बंद पडतोच. २०२४ च्या डिसेंबरात सोलंग ते अटल बोगदा या टापूत शेकडो मोटारी अडकल्या. पोलिसांनी माणसे सुखरूप खाली आणली. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी मात्र वीसहून अधिक माणसे अडकलेल्या मोटारींत दगावली. मुलेही होती त्यांत. काहींचा घास थंडीने नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइड वायूने घेतला असावा, असे तेव्हा सांगण्यात आले. उबेसाठी इंजिन चालू, काचा बंद आणि सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजलेले! या वायूला ना रंग, ना वास. माणूस झोपतो तो उठतच नाही.

म्हणून अडकलात तर आधी सायलेन्सरभोवतीचे बर्फ उपसा, आणि पडत राहिले तर पुनःपुन्हा उपसा. इंजिन तासातून दहाच मिनिटे चालवा. तेवढा वेळ वारा येत नसेल त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. डोके जड झाले, मळमळले, की इंजिन बंद करून दारे उघडा. सगळ्यांनी एकदम झोपू नका. वादळात गाडी सोडून पायी निघू नका.

आमचा पुतण्या यंदा बायकामुलांसह निघाला आहे. त्याच्यासाठी मी फावडे, वाळूची पिशवी, टॉर्च, चार घोंगड्या, पाणी आणि चिवड्या-लाडवांचा डबा काढून ठेवला. तो म्हणाला, “काकू, एवढे सामान घेतले तर कपडे कुठे ठेवू?”

मी म्हटले, “दोन कोट कमी ने, बाबा. फावडे मात्र विसरू नकोस.”