घर विकण्याआधी स्टेद्झची गोष्ट वाचा



यंदा बंदीच्या दिवसांत भाच्याकडे इंग्लंडला जाऊन आलो, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. त्याने एका रविवारी स्टेद्झ नावाच्या गावी नेलं. गावचे फोटो बघून सगळे विचारतात, "काय सुंदर गाव हो!" सुंदर आहेच. पण मला तिथे जे दिसलं ते सांगायचं राहून गेलं होतं.

गाव यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर, व्हिटबीच्या वरच्या अंगाला. समोर दर्या, आणि पाठीमागे मैलोन्मैल माळ. त्याला ते मूर म्हणतात. आपला कातळाचा सडा डोळ्यासमोर आणा, फक्त खाली जांभ्याऐवजी काळी ओली माती आणि वर गुडघाभर झुडपं. ऑगस्टात सगळा माळ जांभळा होतो म्हणे, आम्ही गेलो तेव्हा फुलायला नुकती सुरुवात होती. त्या माळावर पीक काही येत नाही, मेंढ्या तेवढ्या चरतात. म्हणून खालच्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या दर्याच धरला. अगदी आपल्यासारखं.

गाडी वर टेकडीवर ठेवायची आणि चालत खाली उतरायचं. दोन कड्यांच्या बेचक्यात ओढा आणि त्याच्या काठाला चिकटून घरं. एक गल्ली तर इतकी अरुंद की मी आडवा होऊन गेलो. (भाचा हसत होता. हसू दे.) 1745 मध्ये जेम्स कुक, पुढे जगभर फिरलेला तोच कॅप्टन कुक, सोळाव्या वर्षी इथे दुकानात नोकरीला होता. ते मूळ दुकान दर्याने केव्हाच गिळलं.

इथल्या होडीला कोबल म्हणतात. नाळ उंच, मागचा तळ सपाट, वाळूवरून ढकलायला आणि ओढायला सोपी. गळाच्या लांब दोऱ्यांनी मासे धरायचे. त्या दोऱ्यांना आमिष लावायचं काम बायकांचं. खडकावरून शिंपल्या खरवडून आणायच्या, सोलायच्या, एकेका गळाला लावायच्या. डोक्यावर ओझं वाहायचं म्हणून त्यांची जाड कापडाची खास टोपी असे. हे ऐकताना मला पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जाणारी आई आठवली.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या एवढ्याशा गावातून 80 होड्या जात. मी धक्क्यावर मोजल्या. मोजायला वेळ लागला नाही. खेकडे आणि लॉब्स्टरचे पिंजरे टाकणारे थोडे उरलेत. त्यातच 2021 च्या शरदात त्या किनाऱ्यावर मेलेल्या खेकड्यांचे ढीग लागले, आणि ते कशाने मेले यावर अजून वाद आहे.

मासळी कमी झाली हे खरं, पण गाव नुसतं तेवढ्याने रिकामं झालं नाही. दारादारावर आकड्यांच्या कुलपाची छोटी पेटी दिसली. आत चावी असते, पाहुणा येतो, आकडा लावतो, आत जातो. घरमालक दूरच्या शहरात. बाकावर बसलेले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, आता गर्दी दिसते तुम्हाला, जानेवारीत या, खिडक्यांत उजेड नसतो. त्यांचा मुलगा पिंजरे टाकतो, पण गावात घर परवडत नाही म्हणून दुसरीकडून गाडीने धक्क्यावर येतो. मच्छीमार राहायला बाहेर, आणि मच्छीमाराच्या घरात पर्यटक!

तिथल्या लोकांना हे कळलंय, पण उशिरा. शेजारच्या व्हिटबीत 2022 साली लोकांनी मतदान केलं: नवीन घरं कायम राहणाऱ्यांनाच विकावीत. शंभरात नव्वदहून जास्त मतं बाजूने पडली. पण ते मत सरकारवर बंधनकारक नव्हतं. एप्रिल 2025 पासून तिथे दुसऱ्या घरावर दुप्पट घरपट्टी लागली. पैसेवाला दुप्पट भरतो. विकलेलं घर त्यामुळे परत येत नाही.

आता आपलं. गेल्या वर्षभरात आपल्या वाड्यावर दलाल किती वेळा आले ते तुम्हीच आठवा. आजारपण असतं, मुलीचं लग्न असतं, बँकेचा हप्ता असतो. कोणी विकलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण एक लक्षात घ्या: घर गेलं की त्याबरोबर होडी ओढायची वाट, जाळी सुकवायची जागा, रापणीला हाक मारली की धावणारी चार माणसं, हेही जातं. त्याचा भाव दलाल लावत नाही.

आणि कागद नीट बघा. 2011 च्या सीआरझेड अधिसूचनेत पारंपरिक मच्छीमारांची जुनी घरं नियमित करायची सोय होती, तिला दोन अटी होत्या: घर धंद्याला वापरायचं नाही आणि किनाऱ्यावरच्या पारंपरिक समाजाबाहेर विकायचं नाही. दलाल हे सांगत नाही. नुसती खोली भाड्याने द्यायची असेल तरी आधी आपलं घर कशात मोडतं ते विचारा.

येत्या आमसभेत मी एक ठराव मांडणार आहे. सभासदाला घर काढायचंच असेल तर त्याने आधी सोसायटीला कळवावं, म्हणजे आपल्यातलाच कोणी घेतो का बघता येईल, किंवा अडचणीपुरतं कर्ज देता येईल. ज्यांचा विरोध असेल त्यांनी सभेत येऊन बोलावं, बाहेर पारावर नको. घराचे जुने कागद असतील ते सोबत आणा, झेरॉक्स ऑफिसात काढून देऊ.