कोट उतरवल्यावर

आमच्या समाजातून विधानसभेत पोचणारी माणसे आधीच थोडी. त्यांत एखादा वकील निघाला की आम्हांला बरे वाटते. तो कौटुंबिक खटले चालवणारा असेल तर अधिकच. तलाक, मेहर, पोटगी, मुलांचा ताबा, वारसाहक्क यांत त्याची हयात गेलेली असते. तालुक्याच्या कोर्टाबाहेर कडेवर मूल घेऊन तारखेची वाट बघणारी बाई त्याने पाहिलेली असते. तिच्याकडून वकीलपत्रही घेतलेले असते. असा माणूस कायदे करण्याच्या जागी गेला तर तिचे काही भले होईल, असे आम्ही भाबडेपणाने धरून चालतो.

पुढे काय होते, ते आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. काळा कोट उतरतो. मग कब्रस्तानची भिंत, शादीखान्याचा निधी, ईदच्या शुभेच्छांचे फलक. ही कामे वाईट नाहीत, ती व्हावीतच. पण ती करायला कायद्याची पदवी लागत नाही. ज्या कामाला ती लागते, त्या कामाच्या वेळी आमचे आमदार म्हणतात, 'हा शरियतचा मामला आहे, आणि तो दिल्लीच्या हातात आहे.'

यातले दुसरे वाक्य खरे नाही, आणि वकिलाला ते ठाऊक असते. विवाह, घटस्फोट आणि वारसा हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत. राज्यालाही त्यावर कायदा करता येतो. महाराष्ट्रानेच 1994 साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायाद केले. दिल्लीला तेच करायला 2005 साल उजाडले. म्हणजे मनात असले की मुंबई दिल्लीच्या पुढे जाते.

पहिल्या वाक्याचे काय? 1937 च्या शरियत कायद्याचे दुसरे कलम आमच्या वकील आमदारांनी पुन्हा एकदा वाचावे. त्यात शेतजमीन वगळलेली आहे. तेव्हा शेतजमीन प्रांतांच्या अखत्यारीत होती, म्हणून ती वगळली गेली. मद्रासने 1949 साली आणि केरळने 1963 साली दुरुस्ती करून शेतजमीन शरियतच्या कक्षेत आणली. हे त्या त्या विधिमंडळांनी केले. आमच्याकडे शरियत वाचवायला सभा घेणाऱ्यांपैकी किती जणांनी या शेतजमिनीबद्दल सभागृहात तोंड उघडले?

तोंड उघडणे अवघड आहे, हे आम्ही समजतो. सूरह निसाने मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे. पण बाप गेल्यावर चाळिसावा उरकतो न उरकतो तोच भाऊ हक्कसोडपत्राचा कागद बहिणीपुढे ठेवतो. सही केली नाही तर माहेर तुटते. सही केली की सातबाऱ्यावरून तिचे नाव जाते आणि एक साडी हातात येते. त्या भावाला शरियतची आठवण बहिणीच्या तलाकाच्या वेळी होते, फेरफाराच्या वेळी होत नाही. हाच भाऊ मतदार आहे, कार्यकर्ता आहे, जमातीचा विश्वस्तही आहे. त्याला दुखवायचे कोणी?

18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांविरुद्ध त्यांनी मुख्यमंत्र्यांना निवेदन दिले. त्यानंतर जे काही मिळाले ते कोठून मिळाले? 2002 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातल्या पूर्णपीठाने सांगितले की, तलाक दिला असे नुसते म्हणून भागणार नाही. कारण आणि समेटाचा प्रयत्न सिद्ध करावा लागेल. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक अवैध ठरवला. 2019 साली संसदेने नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद देणारा कायदा केला. आमच्या आमदारांना तो मान्य नव्हता. आम्हांलाही तुरुंग हा संसाराचा उपाय वाटत नाही. पण त्यांनी स्वतःचा मसुदा कधी लिहिला होता काय?

'आपण हात घातला तर समान नागरी कायदा येईल,' अशी भीती घातली जाते. उत्तराखंडच्या विधानसभेने 2024 साली तो मंजूर केला आणि 2025 च्या जानेवारीत लागूही झाला. आमच्या गप्प बसण्याने तो थांबला नाही. आपला कायदा आपण लिहिला नाही तर दुसरा लिहितो, आणि लिहिताना आपल्याला विचारत नाही.

आपलीच माणसे पूर्वी एवढी भित्री नव्हती. नवऱ्यापासून सुटकेसाठी स्त्रियांवर धर्म सोडण्याची पाळी येऊ लागली, तेव्हा मौलाना अशरफ अली थानवींनी मालिकी फिक्हचा आधार शोधून दिला. मुहंमद अहमद काझमी यांनी 1936 साली केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडले. त्यातून 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. चार वर्षे बेपत्ता असलेल्या, दोन वर्षे खर्च न देणाऱ्या नवऱ्यापासून आजही आमची बहीण सुटते, ती त्याच कायद्याने. तेव्हा शरियत बुडाली नाही. उलट तिचा आब राहिला.

दोष एकट्या आमदाराचा नाही. मत मागायला तो दारी येतो तेव्हा आम्ही गटार आणि नळ विचारतो. पुढच्या वेळी एवढेच विचारू या: वकीलसाहेब, त्या कोर्टाबाहेरच्या बाईसाठी तुम्ही सभागृहात किती वेळा उभे राहिलात? आणि विचारायला जाण्यापूर्वी आपापल्या घरचा सातबारा काढून त्यावर बहिणीचे नाव आहे का, ते पाहून घेऊ या.