जिप्सी जिथे थांबते

एप्रिलमधल्या एखाद्या पहाटे ताडोबाच्या मोहर्ली गेटवर जाऊन उभे राहावे. अजून पुरते उजाडलेले नसते. जिप्स्यांची रांग लागलेली असते. पुण्या-मुंबईची, नागपूरची, हैदराबादची मंडळी हातभर लांब लेन्सा सावरत ओळखपत्रे काढून दाखवत असतात. गाईडचा नंबर पुकारला जातो, तो पुढच्या सीटवर चढतो आणि गेट उघडायच्या आधीच मागून प्रश्न येतो, “काल दिसला होता का?”

नेमक्या त्याच वेळी जंगलाभोवतीच्या बफर पट्ट्यातल्या एखाद्या गावातून बाया टोपल्या घेऊन मोहाखाली निघालेल्या असतात. मोहाची फुले रात्रीतून गळतात. ती उजाडताच वेचावी लागतात, नाहीतर जनावरे फस्त करतात. वेचायचे म्हणजे तास-दोन तास वाकून राहायचे. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, चार पायांचे सावज वाटते, असे जंगलात हयात घालवलेले लोक सांगतात. पहाट एकच, वाघही एकच. जिप्सीतल्या माणसाने तो दिसावा म्हणून पैसे मोजलेले असतात आणि टोपलीवाली तो दिसू नये म्हणून वाघोबाला हात जोडून घराबाहेर पडलेली असते.

मोह संपतो आणि तेंदू सुरू होतो. मे महिन्यात पाणवठे आटतात, वाघ उरलेल्या पाण्याला धरून बसतो, त्यामुळे त्याचे दर्शन सोपे होते आणि ताडोबाचे बुकिंग मिळता मिळत नाही. तेंदूपाने तोडण्याचे दिवसही हेच. मे २०२५ मध्ये ताडोबाच्याच चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. त्या दिवशीही ताडोबाच्या गेटांवर जिप्स्यांच्या रांगा होत्याच. यात पर्यटकाचा दोष नाही. पण पर्यटनाचा हंगाम आणि मरणाचा हंगाम एकाच जिल्ह्यात एकाच महिन्यात येत असेल, तर ‘जबाबदार पर्यटन’ या शब्दाचा अर्थ प्लास्टिकची बाटली जंगलात न टाकण्यापुरता ठेवून चालणार नाही.

ताडोबाचे यश नाकारण्याचे कारण नाही. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले हे जंगल १९९५ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाले. गाभ्याचे जंगल म्हणजे कोअर साधारण सव्वासहाशे चौरस किलोमीटर, भोवतीचा बफर अकराशे. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले आणि त्यांतला मोठा वाटा चंद्रपूर जिल्ह्याचा. वाघ इतके झाले की तरुण वाघांना आत जागा पुरेना. ते ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावलीच्या शेतांतून आणि झुडपी जंगलांतून हिंडू लागले. २०२३ मध्ये या भागातल्या दोन वाघिणी पकडून नवेगाव-नागझिऱ्यात नेऊन सोडाव्या लागल्या. दिवसा शेतावर आणि रात्री अंगणात वाघाशी गाठ पडू शकते, अशा सत्तरहून अधिक गावांनी हे यश अंगावर वागवले आहे.

आता जामणीचे कुरण पाहा. ताडोबाच्या कोअरमधली वाघ दिसण्याची ही नामांकित जागा. सकाळच्या उन्हात पिवळट गवत, कडेला चितळांचा कळप, मध्येच एखादी वाघीण आपल्या बछड्यांसह चालत येते आणि दहा कॅमेरे एकदम कडकडतात. हे कुरण निसर्गतः उगवलेले नाही. इथे जामणी नावाचे गाव होते. घरे, गोठे, धानाची शेते होती. दहा-बारा वर्षांपूर्वी गाव उठले आणि शेतांवर गवत वाढले. गवतावर चितळ आले आणि चितळांमागे वाघ. नवेगावच्या कुरणाची कथा हीच. कोळसा, पळसगाव यांनीही आपले उंबरठे सोडले. माया, मटकासुर, छोटी तारा ही वाघांची नावे आज पुण्यातल्या शाळकरी पोरांना तोंडपाठ आहेत. त्यांच्या वंशावळीही त्यांना येतात. ते वाघ ज्या बांधांवरून चालत गेले, ते बांध कोणी घातले होते हे मात्र जिप्सीत कोणी विचारत नाही. गाईडही सहसा सांगत नाही. विचारले तर सांगतो, आणि कधीकधी त्याचेच घर तिथे असलेले निघते.

म्हणून सफारीच्या पैशावर पहिला हक्क कोणाचा, हा दयेचा प्रश्न नव्हे. जागा ज्यांची, पहारा ज्यांचा आणि धोकाही ज्यांचा, त्यांचा तो हिस्सा आहे. कायद्यालाही हे तत्त्वतः मान्य आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली झालेल्या दुरुस्तीने प्रत्येक व्याघ्रप्रकल्पासाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाची तरतूद केली. प्रवेशशुल्काचा पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता तिथल्या तिथे संवर्धनावर आणि गावांवर खर्च व्हावा, ही त्यामागची कल्पना. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोअरमधले पर्यटन जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत थांबवले होते. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा जोडीला राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना आल्या. कोअरचा वीस टक्क्यांपर्यंतचाच भाग पर्यटकांना खुला ठेवावा, असे त्यांत म्हटले होते. जंगलाच्या जिवावर चालणाऱ्या हॉटेलांकडून संवर्धनासाठी अधिभार घ्यावा, हेही होते. वीस टक्क्यांची चर्चा पुष्कळ झाली. अधिभाराचे नाव निघाले की सगळे चहाचा कप हातात घेतात.

पैसा गावात पोहोचतच नाही असे मात्र नाही. मोहर्ली, आगरझरी, देवाडा, जुनोना, मदनापूर, अलीझंझा इथली तरणी पोरे आज गाईड आहेत, जिप्सी चालवतात. पूर्वी बांबू तोडायला किंवा हंगामी मजुरीला जिल्ह्याबाहेर जाणारी माणसे पहाटे गणवेश घालून गेटवर येतात. मोहर्लीला बायकाही गाईड म्हणून काम करतात आणि वानराचा खोकल्यासारखा कॉल कोणत्या नाल्यातून आला हे कोणाहीपेक्षा आधी सांगतात. बफरमधली गेटे उघडल्याने कोअरवरचा ताण थोडा हलका झाला. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर कोअर बंद असतानाही काहींची चूल पेटती राहिली. राज्य सरकारच्या श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून गावोगावी गॅस सिलिंडर आले, तसा सरपणासाठी जंगलात जाण्याचा एक फेरा कमी झाला. एक फेरा कमी म्हणजे वाघाशी गाठ पडण्याची एक शक्यता कमी. गावातल्या बाईला हे गणित समजावून सांगावे लागत नाही.

अडचण वेगळीच आहे. गेटवरची गावे आणि गेट नसलेली गावे यांत मोठे अंतर पडले आहे. रोस्टरवर ज्याचे नाव आहे त्याच्या घरी वाघ लक्ष्मी होऊन येतो. शेजारच्या गावात तोच वाघ बैल मारून जातो. वाघाच्या हल्ल्यात माणूस गेला तर महाराष्ट्रात कुटुंबाला २५ लाख रुपये मिळतात. ही रक्कम देशातल्या मोठ्या भरपायांपैकी आहे. पण ती भरपाई झाली, हिस्सा नव्हे. मेल्यावर मिळणारे पैसे आणि जगताना मिळणारा वाटा यांतला फरक सरकारी फायलीत दिसत नाही, गावच्या पारावर लगेच दिसतो. त्यात हिशेबाचा घोळ. २०२३ मध्ये ताडोबाचे ऑनलाइन बुकिंग हाताळणाऱ्या एका खाजगी कंपनीने प्रतिष्ठानाचे सुमारे १२ कोटी रुपये भरलेच नाहीत, असा गुन्हा नोंदवावा लागला. एवढी रक्कम थकेपर्यंत कोणाच्या लक्षात कसे येत नाही? गावच्या पतपेढीत बारा हजारांची तूट आली तरी संध्याकाळपर्यंत गावभर होते.

रवांडाने हा गुंता सोपा करून टाकला. तिथे पहाडी गोरिला पाहायला परदेशी पर्यटकाला २०१७ पासून १५०० डॉलर मोजावे लागतात आणि गोरिलांसमोर थांबायला मिळतो फक्त एक तास. उद्यानांच्या पर्यटनातून येणाऱ्या पैशाचा ठरावीक टक्का आसपासच्या गावांसाठी बाजूला निघतो. २००५ मध्ये तो पाच टक्के होता, २०१७ मध्ये दहा झाला. रवांडा काही आदर्श राज्य नव्हे, आणि दीड हजार डॉलरचे तिकीट महाराष्ट्रात लावले तर ताडोबा फक्त धनिकांचा होईल. घेण्यासारखा आहे तो टक्का. आकडा जाहीर, गावाला माहीत, दरवर्षी मोजता येण्याजोगा. ताडोबातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मागच्या हंगामात किती फेऱ्या झाल्या, किती पैसे जमले आणि आपल्या गावाला किती आले, एवढ्या तीन ओळी खडूने लिहिता आल्या तर निम्मी भांडणे मिटतील.

उरलेली निम्मी पर्यटकाच्या खिशात आहेत, म्हणजे त्याच्या टिपेत.

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगावच्या बाजूला, एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर आले. दोन्ही बाजूंनी जिप्स्या आल्या आणि वाट अडली. चित्रफीत राज्यभर फिरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाईड निलंबित झाले. कारवाई व्हायलाच हवी होती. पण त्या दिवशी चालकाच्या पाठीमागे काय चालले असेल, याची कल्पना सफारी केलेल्या कोणालाही करता येते. “भाऊ, अजून थोडं पुढं घ्या ना.” “त्या गाडीला दिसतोय, आपल्यालाच नाही.” वर्षाचा शेवटचा दिवस, दुरून आलेले कुटुंब, पोरे रडवेली. वाघ दिसला तर पाचशेची नोट सुटते, नाही दिसला तर “थँक यू” म्हणून माणसे उतरतात. फेरीवर मजुरी मिळणाऱ्या माणसाला नियम पाळण्याचा मोबदला शून्य आणि मोडण्याचा पाचशे, अशी ही रचना आहे. तिच्यात नियम मोडले जातात याचे नवल वाटायला नको. बहुतेक जण ते पाळतात याचे वाटायला हवे.

ताडोबाने २०१८ मध्येच सफारीत मोबाइल नेण्यास बंदी केली, ती बरी केली. फोनवरून बातमी फिरायची आणि एकाच वाघावर वीस गाड्या जमायच्या. पण टिपेचे काय? वनखात्याने ती रोख घेण्यावर बंदी घालून गेटवरच फेरीच्या दरात मिसळावी आणि सर्व गाईड-चालकांत समान वाटावी. वाघ दिसो न दिसो, महिनाअखेरीस हातात येणारी रक्कम तीच. काही गाईड याला विरोध करतील, विशेषतः ज्यांचा हात ‘दिसवण्यात’ बसला आहे ते. त्यांना निसर्गज्ञानाच्या परीक्षेवरून वरची श्रेणी द्यावी आणि श्रेणीचे जादा पैसे द्यावेत. ज्याला पक्ष्यांची, झाडांची आणि जामणीच्या जुन्या गावाची माहिती आहे, त्याचा दर जास्त.

रिसॉर्टवाल्यांना यातून वगळता येणार नाही. गेटांभोवतीच्या जमिनी गेल्या पंधरा वर्षांत भराभर विकल्या गेल्या. विकणारा शेतकरी बऱ्याचदा आज त्याच जमिनीवरच्या हॉटेलात माळी किंवा वेटर आहे. नोकरी मिळाली हे खरे, पण भाजी चंद्रपूरच्या किंवा नागपूरच्या बाजारातून येते आणि मॅनेजर बाहेरचा असतो. अधिभार सक्तीचा करावा. तो करेपर्यंत निदान तांदूळ, भाजी, दूध बफरच्या गावांतून घेणाऱ्या हॉटेलांची यादी बुकिंगच्या संकेतस्थळावर वर दाखवावी. सिंदेवाही-ब्रह्मपुरीचा तांदूळ असताना पाहुण्याला बाहेरची बासमती वाढण्यात कसला आलाय पाहुणचार!

हे सगळे होईल तेव्हा होईल. तोवर सकाळची फेरी साडेनऊ-दहाला परतते. धुळीने माखलेल्या जिप्स्या गेटवर येऊन थांबतात आणि समोरून येणारा प्रत्येक जण तोच प्रश्न विचारतो. “दिसला का?” मागच्या सीटवरून उत्तर येते, “नाही हो, काहीच नाही. नुसती रानकुत्री.” रानकुत्रा हा जगभरात संकटात सापडलेला प्राणी आहे. त्यांची अख्खी टोळी पाणवठ्यावर खेळताना पाहायला परदेशातले अभ्यासक महिनोन्‌महिने थांबतात. पुढच्या सीटवरचा गाईड काही बोलत नाही. खिशातून छोटी वही काढतो, पेन्सिलचे टोक जिभेला लावतो आणि तारखेपुढे लिहितो, रानकुत्री नऊ, त्यांत पिल्ले चार.